शेवटी ठेवलेला माणूस

बत्तीस दातांपलीकडे तुम्हाला माणसातलं काही कळत नाही, असं माझी बायको म्हणायची. इतक्या लाडाने आणि इतक्या वेळा म्हणायची की मी कधी वाद घातला नाही. आता ती नाही, त्यामुळे वाद घालायची सोयही राहिली नाही.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मागे राहिलो मी आणि तिची मुलगी. 'तिची' असं मुद्दाम म्हणतो, कारण मुलगी पहिल्या नवऱ्याची. तो बिचारा मुलगी नीट बोलायला लागायच्या आतच आजारपणात गेला. त्याचा हसरा फोटो बाहेरच्या खोलीत आजही आहे आणि त्याची काच मीच पुसतो. तर बाबा ही जागा आमच्या घरात पहिल्यापासून भरलेली होती. मी झालो डॉक्टर. पोर मला तेव्हाही डॉक्टर म्हणायची, आता तिचेच केस पिकायला लागले तरी डॉक्टरच म्हणते. मी तिला साहेब म्हणतो. लहानपणापासून तिचा थाटच तसा आहे.

घर तिच्या आजोबांनी बांधलेलं, आईच्या वडिलांनी. बायको होती तोवर मी त्या घरातला होतो. ती गेल्यावर मी तिथला कोण, हे मी रोज दाढी करताना स्वतःला विचारायचो आणि उत्तर न मिळाल्यामुळे हनुवटी कापून घ्यायचो. साहेबांची नोकरी दुसऱ्या शहरात. महिन्यातून एकदा यायची, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायची, नळ गळतोय का, गच्चीत पाणी साचतंय का ते बघायची, आणि परत जायची. मला वाटे, घर तिचं आहे, ती घराकडे बघायला येते आणि वाटेत मी आडवा येतो. बोलत नाही, कारण संस्कार चांगले आहेत. माझी थोरली बहीण एकटीच राहते. "ये की रे, वरची खोली रिकामीच आहे, दोघं भांडत बसू," म्हणाली. मी हो म्हणून टाकलं. एक बॅग तिच्याकडे पाठवूनही दिली. साहेबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. जीभ रेटेना.

तेवढ्यात तिचाच फोन आला. साहेबांचा धंदा पुरातत्त्वाचा, म्हणजे जमीन उकरून जुनी माणसं शोधायचा.

"डॉक्टर, आमच्याकडे दातांचं बघणाऱ्या बाई पाय मोडून घेऊन बसल्यात. तुम्ही येता का? हंगाम संपत आलाय."

"अगं, मी जिवंत माणसांचे दात बघतो."

"हे ओरडत नाहीत. तुम्हाला आवडेल."

तिथे गेल्यावर समोरासमोर सांगू, असं मनाशी ठरवून मी बसमध्ये चढलो.

जागा पाहून माझी निराशा झाली. चरायच्या माळावर एक लांबुळका उंचवटा, त्यावर गवत. कुणीतरी बांधकामाचा राडारोडा टाकून विसरून गेल्यासारखा. पुढच्या बाजूला एक उभी शिळा सरकवून ठेवलेली आणि तिच्यामागे बोळ, तोसुद्धा रांगत जायचा. माझ्या गुडघ्यांनी काय काय शिव्या दिल्या ते मलाच माहीत. पण आत गेलो आणि गुडघे विसरलो. पुरुषभर उंचीच्या शिळा कडेने उभ्या केलेल्या, वर एकच प्रचंड शिळा छतासारखी. मधे एका खोलीएवढी जागा. कोरडी आणि गार. दिव्याच्या उजेडात भिंतीलगत कवट्या ओळीने मांडलेल्या, लांब हाडं एका बाजूला रचलेली, आणि बोळाच्या तोंडाशी एक सबंध माणूस कुशीवर झोपलेला.

साहेबांचा आवाज तिथे खाली आला. एरवी ती बोलते तेव्हा पलीकडच्या घरातले लोक जागे होतात.

"नवाश्मयुगातलं आहे हे, पाच हजार वर्षांहून जुनं," ती म्हणाली. "यांना लोखंड माहीत नाही, तांबं माहीत नाही. नुकते शेती करायला लागलेत. स्वतः राहायचे लाकडामातीच्या घरात, ती घरं कुठल्या कुठे गेली. आणि मेलेल्यांसाठी हे बांधलं. अख्खी वस्ती राबल्याशिवाय ही वरची शिळा चढलीच नसेल."

"पण याचं एवढं महत्त्व काय?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं, आणि अडाण्यासारखं विचारायला मला लाज वाटत नाही. दवाखान्यात लोकांनी मला आयुष्यभर तसंच विचारलं.

"याआधीची माणसं शिकारीच्या मागे फिरायची. हे एका जागी राहिले. आणि ही जागा आपली आहे हे सांगायचं कसं, तर आमची माणसं इथे आहेत, म्हणून आम्ही इथले." तिने दिवा कवट्यांकडे वळवला. "आणि एकदा ठेवलं, शिळा लावली, संपलं, असं नाही. पिढ्यान् पिढ्या परत यायचे. शिळा सरकवायची, आत यायचं, जुन्यांना हळूच कडेला घ्यायचं, नव्याला जागा करायची. ही हाडं उगाच विखुरलेली नाहीत, डॉक्टर. एकेक हाताळलेलं आहे."

आमची माणसं इथे आहेत म्हणून आम्ही इथले. हे वाक्य मला लागलं. माझं माणूस ज्या घरात होतं त्या घरातून मी निघालो होतो. पण सांगायची ती वेळ नव्हती. रांगत बाहेर यायचं होतं आणि त्यालाच सगळा श्वास लागणार होता.

माझं काम माळाच्या खाली, पत्र्याच्या एका शेडमध्ये. लांब टेबल, त्यावर मऊ फोम, त्यावर जबडे आणि सुटे दात. बरोबर एक फोटो काढणारा, जाडजूड आणि बडबड्या. तो प्रत्येक सांगाड्याला टोपणनाव ठेवायचा. सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तो आजीबाई म्हणे. एकाला भांडखोर म्हणे, कारण त्याच्या नाकाचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं.

आणि खरं सांगतो, मला ते काम फार आवडलं. मी मऊ ब्रशने माती काढायचो, भिंग लावायचो आणि वेळेचं भान जायचं. ही माणसं दगडावर दळलेलं पीठ खायची, त्यातली कच चावून चावून दाढा सपाट झालेल्या. कीड जवळजवळ नाही. एका पोराला नुकताच पक्का दात येत होता, तो येता येता राहिला. एकीच्या जबड्यात गळवाने केलेलं भोक होतं. केवढी ठणकली असेल ती. मी आयुष्यात प्रथमच पाच हजार वर्षं उशिरा पोचलो होतो, आणि मला चक्क अपराधी वाटलं.

मग एक गोष्ट ध्यानात आली. वरच्या मधल्या दोन पटाश्यांच्या शेजारी जो दात असतो, तो या लोकांत कणीएवढा होता. आजीबाईचा तसाच. भांडखोराचा तसाच. दोन पोरांचा तसाच. हा दात रक्तातून येतो. मला ते पुस्तकात वाचायची गरज नव्हती. माझ्या बायकोचा दात असाच होता, आणि साहेबांचाही. आमची ओळखच त्या दातामुळे झाली.

साहेब तेव्हा शाळेत होते. हसताना तोंडावर हात धरायचे, कारण वर्गातली पोरं चिडवायची. आईने दवाखान्यात आणलं. मी त्या कणीवर पांढरं मटेरियल चढवून सुबक दात घडवला, आणि साहेबांनी कृतज्ञता म्हणून माझं बोट कडकडून चावलं. त्यानंतर आई तीनतीनदा तक्रार घेऊन आली. दात ठणठणीत होता. तिसऱ्या खेपेला मी तसं सांगितलं तर ती म्हणाली, "ते मलाही दिसतंय." बत्तीस दातांपलीकडचं मला कळत नाही म्हणतात ते खोटं नाही. तरीही मला समजायला आणखी एक खेप लागली.

मी साहेबांना बोलावून जबडे दाखवले. ती टेबलावर ओणवली, आणि नकळत तिची जीभ स्वतःच्या त्या दातावर फिरली.

"म्हणजे हे सगळे एकाच घरचे?"

"सगळे नाहीत," मी म्हणालो, आणि आता कबूल करायला हरकत नाही, मी थोडा फुशारलो होतो. "तुझा तो बोळाच्या तोंडाशी झोपलेला म्हातारा, आज ज्याचा जबडा खाली आणलात. त्याचे समोरचे दात बघ. मोठे, चौकोनी, एकही कणी नाही. दाढांची ठेवणसुद्धा निराळी. हा यांचा नाही."

"मग कोण?"

"बाहेरचा. पकडून आणलेला असेल, चाकर असेल, नाहीतर वाटसरू मुक्कामाला आला आणि मेला. पाहुणा म्हणा."

फोटोवाल्याने ते नाव लगेच उचललं. दुपारपर्यंत सगळे त्याला पाहुणा म्हणायला लागले. साहेबांना ते रुचलं नाही.

"त्याचा खुबा बघितलात?" ती म्हणाली. "मोडून वाकडा जुळलाय. त्यानंतर बरीच वर्षं जगलाय तो. धड चालता येत नव्हतं त्याला. कुणीतरी खायलाप्यायला दिलं, उठवलं, बसवलं. पाहुण्याला इतकी वर्षं ठेवून घेतात?"

"चांगली माणसं असतील."

"आणि आजीबाईची कवटी? बाकी सगळ्यांच्या कवट्या भिंतीशी आहेत. हिची एकटीची तिथून उचलून याच्या खांद्याशी ठेवलीय. नीट, तोंड त्याच्याकडे करून."

"ते मी काय सांगणार? मी दातांचं सांगतो."

"हो ना. तुम्ही दातांचंच सांगता," ती म्हणाली आणि निघून गेली. हुबेहूब आईसारखी.

कुणाला वाटेल मी हे रचून सांगतोय. नाही. हाडं रचणारे दुसरेच होते आणि त्यांना माझी ओळख नव्हती.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. मागच्या वर्षी पाठवलेल्या हाडांची डीएनए तपासणी झाली होती. साहेबांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बाई थकल्या आवाजात सांगत होत्या आणि तरी खूश होत्या. आत ठेवलेली माणसं म्हणजे एकच घराणं, आजीबाईपासून खाली मुलं, नातवंडं, पतवंडं. एक माणूस सोडून. बोळाजवळच्या म्हाताऱ्याचं आत कुणाशीही रक्ताचं नातं नाही, कुणाचा बापही नाही तो. आणि कार्बनच्या तारखांवरून दिसतं की आजीबाई त्याच्या बरीच आधी गेली, पिढीभर आधी म्हणा. त्याच्यानंतर मात्र आत कुणालाच ठेवलेलं नाही. तो शेवटचा.

"डॉक्टर, जिंकलात!" फोटोवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा आणायला गेला.

मी हसलो. आणि त्या हसण्याच्या भरात, आता चाललंय सगळं खेळीमेळीत तर उरकून टाकू, असं वाटून बोलून गेलो. "बघ, पाहुणाच निघाला. बरं, त्यावरून आठवलं. इथून मी परस्पर बहिणीकडे जाईन म्हणतो. राहायलाच. तिच्याशी बोलणं झालंय."

साहेब दातांचे ट्रे डब्यात भरत होते. हात थांबले.

"तुमच्या ताईंकडे? किती दिवस?"

"दिवस नाही गं. कायमचाच. घराच्या किल्ल्या तुला देऊन ठेवतो. तुझंच घर आहे, तुला हवं ते कर. भाड्याने दे, रंग लाव. आई होती तोवर ठीक होतं. आता मी तिथे..."

"कुणाला विचारून?"

"अगं, यात विचारायचं काय? तुझ्याच सोयीसाठी..."

"कुणाला विचारून ठरवलंत, ते सांगा!"

शेडचा पत्रा दणाणला. ट्रे तिने तसाच टेबलावर ठेवला, पण आदळला नाही, तेवढं भान होतं. मग ती तरातरा माळावर निघून गेली. फोटोवाला चहाचे कप घेऊन दारात आला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तसाच उलटा फिरला.

मी बसून राहिलो. समोर पाहुण्याचा जबडा होता, तो उचलला. चांगले भक्कम दात, झिजलेले, आणि खालचा एक पडून जागा भरून आलेली. मी याला चाकर म्हटलं होतं. वाटसरू म्हटलं होतं. त्याच्या बाजूने मी एकदाही विचार केला नव्हता. आजीबाई त्याची बायकोच असणार. ती गेली, आत नेऊन ठेवली. हा लंगडा म्हातारा तिच्या मुलांच्या घरात राहिला, वर्षानुवर्षं. तो कुठे उठून गेला नाही, की त्याला जाता आलं नाही? त्याला मनातून काय वाटत असेल? आपण कुणाचे कोण, हे त्यानेही कधी विचारलं असेलच ना. दाढी करायची सोय नव्हती म्हणून काय झालं? मला एकाएकी त्या माणसाचा फार लोभ वाटला, आणि त्याला ज्या थाटात मी नाव ठेवलं त्याची लाज वाटली.

जबडा फोमवर ठेवून मी माळ चढायला लागलो.

साहेब बोळाच्या तोंडाशी त्या सरकवलेल्या शिळेला टेकून बसले होते. डोळे लाल. मी शेजारी बसलो, म्हणजे बसायला जरा वेळ लागला. ती मदत करायला उठली नाही, यावरून राग किती आहे ते कळलं.

"ही शिळा हलवायला आम्हाला किती माणसं लागली, माहितीय?" ती समोर बघत म्हणाली. "अख्खी तुकडी. तरी आमच्याकडे लोखंडी पहारी होत्या. तो मेला तेव्हा त्याचं स्वतःचं असं तिथे कुणी नव्हतं. बाहेर माळावर पुरला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी ही सरकवली. त्याला उचलून रांगत आत नेलं. आतून आजीबाईला शोधून काढलं. त्यांच्या आईला, नाहीतर आजीला. सगळ्यांमधून ओळखून तिलाच काढलं. म्हणजे कुणीतरी लक्षात ठेवलं होतं की ती कुठे आहे."

मी वळून त्या शिळेकडे पाहिलं.

"तुम्हाला वाटतं मी महिन्याच्या महिन्याला येते ते कशाला?"

"घराकडे बघायला," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"घराला काय धाड भरलीय बघायला!" ती आता रडतच होती, आणि रडताना तिला बोलायचं असलं की शब्द एकमेकांवर चढतात, लहानपणापासून. "आई नाही तिथे. आई असती तर आईसाठी आले असते. दोन वर्षं झाली आई नाही. मी सुट्टी टाकते, बस पकडते, ऑफिसात सगळ्यांना सांगते की घरी चाललेय. त्या भिंतींकडे चाललेय का मी? तुम्ही दार उघडता, 'या साहेब' म्हणता, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं. तुम्ही गेलात तर मी कुठे यायचं? मला सांगा ना. कुठे यायचं मी?"

इतकी वर्षं मी तिला साहेब म्हणून दार उघडत होतो आणि मला वाटत होतं की दार तिचं आहे. आपण तिला हवे आहोत, ही शक्यता माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत माती होती. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही, कारण आसपास फक्त गुरं होती.

तिने बाहीला नाक पुसलं. एवढ्या मोठ्या बाईने बाहीला नाक पुसावं. मग माझ्या खिशातला फोन तिने स्वतःच काढून माझ्या हातात दिला.

"लावा आत्याला फोन. आत्ताच्या आत्ता. सांगा, येत नाही म्हणून."

मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या बहिणीला ती आजवर कायम 'तुमच्या ताई' म्हणत आली. आपण आता काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती माझ्या बोटांकडे बघत होती, मी खरंच नंबर लावतोय की नाही ते तपासत.

बहिणीने लगेच उचलला. "काय रे, कधी निघतोयस? खोली झाडून ठेवलीय."

"येत नाही," मी म्हणालो.

"का? काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हणालो, "मुलगी पाठवत नाही."